नेपाळ काय परदेश आहे?

पोळा आठ दिवसांवर आला होता. आर्णीच्या घराच्या ओसरीवर मामा ज्वारीच्या कण्या ताकात कालवून बसले होते. यवतमाळहून आलेली भाची समोर बसली होती, पण तिचं लक्ष ताटाकडे नव्हतं, मामांच्या सदऱ्याकडे होतं. जूनमध्ये नेमका बसणारा सदरा आता खांद्यावरून उतरला होता, आणि मनगटावरचं घड्याळ हात उचलला की कोपराकडे घसरत होतं.

"किती दिवस झाले, मामा?"

"कशाले?"

"पोटाला."

"येऊन-जाऊन आहे. चार दिवस बरं असते, मग पुन्हा गुडगुड. दोन-तीनदा पातळ होते, तोंडाची चव जाते, दुपारून अंग गळून जाते. पाणी लागलं, दुसरं काय."

"कुठलं पाणी?"

"नेपाळचं न. आषाढीच्या आठ दिवस आधी आलो आम्ही, तवापासून."

भाचीने बोटांवर मोजलं. आषाढीच्या आठ दिवस आधीपासून पोळ्याच्या आठ दिवस आधीपर्यंत. सात आठवडे.

"डॉक्टरांना सांगितलं का, नेपाळला जाऊन आलो म्हणून?"

मामांना प्रश्नच पटला नाही. "ते काहून सांगायचं? नेपाळ काय परदेश आहे?"

विदर्भातून दरवर्षी कितीतरी लोक या वाटेने जातात. नागपूरहून रेल्वेने गोरखपूर, तिथून सोनौलीची सीमा, मग लुंबिनी, पोखरा, मुक्तिनाथ आणि काठमांडूत पशुपतिनाथ. पासपोर्ट लागत नाही, व्हिसा लागत नाही. १९५० च्या भारत-नेपाळ करारापासून ही सीमा दोन्हीकडच्या माणसांसाठी उघडी आहे. माणसाच्या मनात ही यात्रा असते, परदेशप्रवास नसतो. अमेरिकेहून आलेला मुलगा दवाखान्यात बसल्या-बसल्या सांगतो, "परवाच आलो." मुक्तिनाथहून आलेला माणूस फक्त एवढंच म्हणतो, "पोट बिघडलं." समोरचे डॉक्टर जुलै महिन्यात यवतमाळ जिल्ह्यातलं बिघडलेलं पोट बघतात, आणि त्या महिन्यात असे शेकडो असतात. त्यांनी जे दिलं ते त्या माहितीवर बरोबरच होतं. माहितीच अपुरी होती.

मामा निवृत्त शिक्षक. वाद घालायचा तर मुद्दे मांडून घालतात.

"हे पाह्य. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आटला, चापडोह आटला. तवा मी यवतमाळले तुह्याच घरी व्हतो. टँकरचं पाणी प्यालो, कुठून कुठून भरलेलं. काही झालं? नाई. हे शरीर मजबूत आहे. थोडं सबुरीनं घेतलं की आपोआप बसते. अन् दुसरं सांगू? तुही मामी त्याच बसमध्ये, त्याच पंगतीत व्हती. तिले काहून नाई झालं?"

भाची यवतमाळच्या एका लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. दिवसभर स्लाइडा बघणारी. ती म्हणाली, "टँकरचं पाणी तुमच्या पोटाच्या ओळखीचं होतं. ज्या गावात माणूस जन्मभर राहतो तिथल्या जंतूंशी आतड्याची जुनी गाठ पडलेली असते, थोडी प्रतिकारशक्ती असते. ती दुसऱ्या गावी सोबत येतेच असं नाही. गोरे लोक दिल्लीत आजारी पडतात आणि दिल्लीवाला पडत नाही, ते यामुळेच. तोच नियम आपण बाहेर गेलो की आपल्यालाही."

"अन् मामी?"

आतून मामींनीच उत्तर दिलं. "मी ती टमाट्याची चटणी नाई घेतली. मले कच्चा सांबार नाई आवडत."

सांबार म्हणजे कोथिंबीर, हे विदर्भाबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. नेपाळमधल्या डाळ-भातासोबत टोमॅटोचं लोणचं येतं, वरून कच्ची कोथिंबीर. मामींच्या आवडीनिवडीने त्यांना वाचवलं असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही, पण भाचीने हा धागा सोडला नाही.

तिचा पहिला आग्रह दिवस मोजण्याचा होता. प्रवासातले जुलाब बहुतेकांचे तीन ते सात दिवसांत थांबतात. ते बहुधा ई. कोलाय, कॅम्पिलोबॅक्टर अशा जिवाणूंचे किंवा विषाणूंचे असतात आणि शरीर ते निस्तरतं. तेवढ्यापुरतं मामांचं "आपोआप बसते" खरं आहे. पण दोन आठवडे उलटले की संशयितांची यादीच बदलते. जिवाणू मागे पडतात, परजीवी पुढे येतात. जिआर्डिया, अमीबा, क्रिप्टोस्पोरिडियम, सायक्लोस्पोरा. महिना उलटला तर परजीवींसोबत आणखी काही शंका उभ्या राहतात. म्हणून "पोट बिघडलं" या दोन शब्दांपेक्षा "सात आठवडे" हे दोन शब्द डॉक्टरांच्या जास्त कामाचे.

"मी काय नुसता बसून नाई रायलो," मामा म्हणाले. "गोळ्या घेतल्या. पाच दिवस. बरं वाटलं. मग पुन्हा झालं तर मेडिकलमधून त्याच आणल्या. रिकामी पट्टी दाखवली, त्यानं देल्ली."

भाचीने ती पट्टी मागून घेतली आणि मागच्या बाजूची उभी लाल रेघ दाखवली. ती रेघ म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये असं औषध. आत दोन औषधांची जोडी होती, एक जिवाणूंवरचं आणि दुसरं टिनिडाझोल. टिनिडाझोल जिआर्डियावर आणि अमीबावर उत्तम चालतं. पण सात आठवड्यांत दोनदा घेऊनही दुखणं परत येतं, तेव्हा शत्रू तिसराच असण्याचा संभव मोठा. आणि विनाकारण घेतलेलं प्रतिजैविक आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंचा फडशा पाडतं, ते नुकसान वेगळंच.

मामांनी दुसऱ्या हाताला ठेवलेला पेला पुढे केला. बेलाचा मुरंबा. "अन् हे? हेही चूक? कुड्याची साल आपल्या टिपेश्वरच्या जंगलात उभी आहे. आजोबा आव पडली की तीच उकळून देत."

इथे भाचीने माघार घेतली, आणि ती घ्यायलाच हवी होती. पांढऱ्या कुड्याच्या सालीत कोनेसीन नावाचं अल्कलॉइड आहे आणि अमीबाच्या आवेवर ते आधुनिक वैद्यकानेही एकेकाळी वापरलं आहे. आजोबा अडाणी नव्हते. पण आजोबांपुढे जी आव होती, ती अमीबाची होती. औषध चांगलं की वाईट, हा प्रश्न दुसरा. आधी कशावरचं, ते ठरायला हवं.

ताकावरून तर मामाच जिंकले. आतड्याचं अस्तर खरचटलं की दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज काही काळ कमी पडतं, कारण ते अस्तराच्या अगदी टोकावर तयार होतं. अशा पोटाला दूध झेपत नाही, पण विरजणातल्या जिवाणूंनी थोडी साखर आधीच संपवलेली असल्यामुळे ताक झेपतं. कण्या आणि ताक हे त्या सात आठवड्यांत मामांनी केलेलं सर्वांत शहाणपणाचं काम होतं. त्यावर दिवसातून पाच वेळा घट्ट दुधाचा चहा, हे सर्वांत चुकीचं.

पाण्याच्या बाबतीतही थोडं दुरुस्त करावं लागलं. मामांकडे जलसंजीवनीच्या नावाखाली गोड पेयाचे कागदी डबे होते. साखर जास्त असलेलं पेय जुलाब वाढवतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर 'ओआरएस' हे नाव छापायला मनाई केली, ती यामुळेच. खरी पुडी २०.५ ग्रॅमची, एका लिटर पाण्यात अख्खी टाकायची. पेल्यात चिमूटभर नाही. मामांना हे ऐकून शिक्षकाचा उत्साह आला. १९७१ मध्ये बांगलादेशाच्या निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं हे पाणी ड्रमांतून वाटून पटकीत माणसं वाचवली, हे ते वर्गात शिकवत असत. २०२३ मध्ये महालनबीसांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाला, ती बातमीही त्यांनी कापून ठेवली होती.

"मग तपासणी कशाले?" मामांचा शेवटचा बुरूज. "एकदा केली न इथं. नॉर्मल आली."

आणि इथे भाचीने काठमांडूची गोष्ट सांगितली.

१९८० च्या दशकाच्या शेवटी काठमांडूतल्या सिवेक क्लिनिकमध्ये परदेशी लोक एकाच तक्रारीने यायला लागले. आठवडेच्या आठवडे येणारे-जाणारे जुलाब, मरणाचा थकवा, अन्नावरची वासना उडालेली, वजन घटलेलं. पावसाळा आला की रुग्ण वाढत, पावसाळा सरला की कमी होत. क्लिनिकमधल्या डॉ. डेव्हिड श्लिम आणि त्यांच्या सहकाऱ्यांना शौचात एक गोल कण दिसत होता, पण तो काय आहे ते कळेना. त्यांनी आधी त्याला शेवाळासारखा जीव म्हटलं. १९९४ मध्ये त्याला नाव मिळालं, सायक्लोस्पोरा कायेटानेन्सिस, पेरू देशातल्या कायेटानो एरेदिया विद्यापीठावरून. त्याच वर्षी पोखऱ्यातल्या एका छोट्या ब्रिटिश लष्करी तुकडीत १४ पैकी १२ जण आजारी पडले. त्यांचं पाणी क्लोरीन टाकलेलं होतं आणि तपासणीत शुद्ध ठरलं होतं. क्लोरीनने हा जीव मरत नाही. पाणी उकळावं लागतं.

"पोखरा?" मामांनी चमचा ठेवला. "आम्ही दोन मुक्काम केले पोखऱ्याले. हॉटेलवाला म्हणे, पाणी फिल्टरचं आहे, दवा टाकलेलं आहे."

१९९६ मध्ये हाच जीव ग्वाटेमालाहून गेलेल्या रास्पबेरींतून अमेरिका आणि कॅनडात पोचला आणि १,४६५ जण आजारी पडले. कच्चं फळ, कच्चा पाला, न उकळलेलं पाणी, या त्याच्या वाटा. दिलासा एवढाच की तो माणसातून बाहेर पडल्यावर लगेच संसर्ग करत नाही. त्याला बाहेर पिकायला एक-दोन आठवडे लागतात. म्हणून घरात मामांमुळे मामींना झालं नसतं.

आता नॉर्मल रिपोर्टचं. साध्या तपासणीत शौचाचा ठिपका मिठाच्या पाण्यात आणि आयोडिनमध्ये कालवून काचेवर बघतात. जिआर्डिया त्यात ओळखू येतो. सायक्लोस्पोरा त्यात बारीक गोळीसारखा दिसतो, आणि कुणी सांगितलं नसेल तर नजर त्यावरून निघून जाते. त्याच्यासाठी वेगळा रंग लागतो, आणि हा रंग जिल्ह्यातल्या प्रत्येक लॅबवाल्याच्या हाताखालचा आहे. क्षयाची थुंकी तपासायला तोच वापरतात, फक्त इथे आम्ल सौम्य घ्यायचं. कार्बोल फुक्सिन टाकायचं, सौम्य आम्लाने धुवायचं, वरून निळा रंग द्यायचा. मग तेलाच्या भिंगाखाली निळ्या पडद्यावर गोल दाणे दिसतात. काही गडद लाल, काही फिके गुलाबी, आणि काही रंगच न घेतलेले, काचेच्या मण्यासारखे. एकाच काचेवर तिन्ही. मग माप घ्यायचं. आठ ते दहा मायक्रॉन असला तर सायक्लोस्पोरा, चार ते सहा असला तर क्रिप्टोस्पोरिडियम, आणि दोघांची औषधं निराळी. एका नमुन्यात सापडेलच असंही नाही, म्हणून वेगवेगळ्या दिवशीचे तीन.

"हा रंग आम्ही मनाने टाकत नाही, मामा. कागदावर कुणी लिहिलं असेल तरच. आणि कागदावर 'नेपाळ' नसेल तर कोण लिहिणार?"

दुसऱ्या दिवशी मामा यवतमाळला फिजिशियनकडे गेले. या वेळी त्यांनी वहीच्या पानावर लिहून नेलं होतं. नेपाळ, पोखरा-मुक्तिनाथ-काठमांडू, जून. सात आठवडे. येते-जाते. वजन कमी. रक्त नाही, ताप नाही. डॉक्टरांनी ते पान दोनदा वाचलं.

दुसऱ्या नमुन्यात दाणे दिसले. मापले, नऊ मायक्रॉन.

औषध नवं नव्हतं, महागही नव्हतं. कोट्रायमॉक्साझोल, सात ते दहा दिवस. काठमांडूतच परदेशी रुग्णांवर त्याची चाचणी झाली होती आणि ती १९९५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. सात दिवसांत औषध घेणाऱ्या जवळजवळ सगळ्यांच्या शौचातून जीव नाहीसा झाला, बिनऔषधाच्यांत तो टिकून राहिला. तरी डॉक्टरांनी आधी दोन गोष्टी विचारल्या. सल्फाची ॲलर्जी आहे का, आणि रक्तदाबाची गोळी कुठली. मामांची गोळी पोटॅशियम वाढवणारी निघाली, हे औषधही तेच करतं, म्हणून क्रिएटिनिन आणि पोटॅशियम बघूनच चिठ्ठी लिहिली. मेडिकलमध्ये रिकामी पट्टी दाखवून हे जमलं नसतं.

आठवड्यात मामांना भूक लागली. बारा जणांच्या पंगतीत त्यांनी पातोडीचा रस्सा मागून घेतला. यात्रेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांनी लिहिलं: मुक्तिनाथहून आल्यावर ज्याचं पोट पंधरा दिवसांच्या वर बिघडलं असन, त्यानं डॉक्टरले नेपाळचं नाव सांगजो. दिग्रसहून एका बाईंचा लगेच फोन आला. त्यांनाही तोच प्रश्न पडला होता, नेपाळ काहून सांगायचं.

गोष्ट इथे संपली असती तर सोपं झालं असतं. दिवाळीनंतर मामांचा फोन आला, आणि आवाजात चीड होती.

"परत सुरू झालं. चहा घेतला की पळा लागते. पोट फुगते. तो जीव परत आला. चिठ्ठी माह्यापाशी आहे, त्याच गोळ्या आणतो."

"नका आणू."

आता बाजू बदलल्या होत्या. ऑगस्टमध्ये औषध आणि तपासणी दोन्ही टाळणारा माणूस औषध मागत होता, आणि तपासणीचा आग्रह धरणारी त्याला अडवत होती. तपासणी मात्र तिने पुन्हा करून घेतली. तीन नमुने, तोच रंग. काही नाही. हिमोग्लोबिन ठीक, थायरॉइड ठीक, वजन परत आलेलं.

"मग मी खोटं बोलून रायलो का?"

"नाही. जीव गेला, जखम राहिली."

मोठ्या संसर्गानंतर आतड्याच्या अस्तरात सूज रेंगाळते, तिथल्या नसा जरा जास्तच जाग्या राहतात. साधा वायूही त्यांना मुरड्यासारखा वाटतो. वैद्यकात याला संसर्गानंतरचं चिडखोर आतडं म्हणतात. जगभरच्या अभ्यासांची २०१७ मध्ये एकत्र मांडणी झाली, तेव्हा संसर्गानंतर साधारण दहात एकाला हे होतं असं दिसलं, आणि परजीवीनंतर प्रमाण बरंच जास्त. याचा सर्वांत मोठा पुरावा कॅनडातल्या वॉकरटन गावाने दिला. मे २००० मध्ये तिथल्या नळाच्या पाण्यात शेणाचं पाणी मिसळलं, सुमारे २,३०० लोक आजारी पडले, ७ दगावले. डॉक्टरांनी त्या गावाची पाठ सोडली नाही. संसर्ग झालेल्यांपैकी दोन-तीन वर्षांनी २८ टक्क्यांना अशा तक्रारी होत्या, आठ वर्षांनी १५ टक्क्यांना.

"म्हणजे आठ वर्षं?" मामा फोनवर ओरडले.

"म्हणजे निम्म्या लोकांचं गेलं, कुठल्याही प्रतिजैविकाशिवाय."

हा दिलासा अपुरा आहे, हे मान्य करायला हवं. चौसष्ट वर्षांच्या माणसाला "हळूहळू जाईल" हे ऐकायला नको असतं. पण दुसरी वाट जास्त वाईट आहे. प्रत्येक गुडगुडीला प्रतिजैविक घेणाऱ्याचं आतडं बरं व्हायला उसंतच मिळत नाही.

आणि उलट बाजूची चूकही तेवढीच धोक्याची. "नेपाळचंच आहे" म्हणून सगळं त्याच खात्यावर टाकायचं. रक्त पडलं, रात्री झोपेतून उठून जावं लागलं, ताप आला, वजन पुन्हा उतरलं किंवा हिमोग्लोबिन घसरलं, तर दुर्बिणीची तपासणी ताबडतोब. पन्नाशीनंतर सुरू झालेली तक्रार प्रवासाशी योगायोगानेही जुळू शकते, आणि आतड्याच्या कर्करोगाला मुक्तिनाथची यात्रा ठाऊक नसते. मधुमेहाची मेटफॉर्मिन वाढवल्यावर सुरू झालेले जुलाबही प्रवासाच्या माथी मारले जातात. जुलाब थांबल्यावर पायांत मुंग्या येऊन शक्ती जाऊ लागली तर एक तासही थांबू नये. जानेवारी-फेब्रुवारी २०२५ मध्ये पुणे परिसरात याच लक्षणांच्या गीयाँ-बारे आजाराचे दोनशेहून अधिक संशयित रुग्ण आढळले. त्यांच्यातल्या अनेकांना आधी जुलाब झाले होते आणि काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर सापडला होता. पोटाची गोष्ट कधीकधी पोटापुरती राहत नाही.

मामांचं यातलं काहीच नव्हतं. फक्त चहानंतरची घाई होती. भाची रविवारी आर्णीला आली तेव्हा मामी चहा टाकत होत्या, पातेल्यात दूध वर आलेलं.

"पंधरा दिवस बिनदुधाचा," भाची म्हणाली. "सकाळी इसबगोल. ताक चालू ठेवा. बेलाचा मुरंबाही ठेवा, मी काही म्हणणार नाही."

"काळा चहा? मले?"

"पंधरा दिवस. फरक पडला तर दूध कारण आहे. नाही पडला तर आपण डॉक्टरांना तसं सांगू."

मामांनी कपातला काळा चहा हातात घेतला, वास घेतला, एक घोट घेतला. चेहरा कडूच झाला. "सोळाव्या दिवशी दूध घालीन. कोणाचं ऐकणार नाई."

भाचीने भिंतीवरच्या कालनिर्णयात सोळाव्या दिवसाभोवती पेनाने गोल काढला. मामांनी पेन तिच्या हातून घेतलं आणि गोलाच्या आत शिक्षकी अक्षरात लिहिलं: चहा.